जुन्या इंडिकाचे हीटर प्लग: सेट कुठला घ्यायचा आणि कोणाकडून बसवून घ्यायचा

आधी मार्क सांगून टाकतो म्हणजे घाईतल्या लोकांना बाकीचं वाचायची गरज नाही. बॉशचा चार हीटर प्लगचा सेट, पाचपैकी साडेचार. तो बसवून देणारे आमचे ऑटो इलेक्ट्रिशियन चाचा, पाचपैकी पाच, बसायला धड स्टूल नाही म्हणून अर्धा कापायचा तर कापा. आणि ज्या चकचकीत वर्कशॉपने गाडी जेमतेम दहा मिनिटं बघून "सर, पंप उतरवावा लागेल" म्हणत, म्हणजे इंजिनाला डिझेल पुरवणारा पंप, बावीस हजाराचं एस्टिमेट हातात ठेवलं त्यांना एक, तोही एसी आणि फुकटच्या कॉफीसाठी. नाव टाकत नाही, नाशिकमध्ये असं करणारे ते काय एकटे नाहीत.

गाडी म्हणजे टाटा इंडिका व्ही टू, २००६ ची, १४०५ सीसीचं जुनं आयडीआय (इनडायरेक्ट इंजेक्शन) डिझेल, टर्बो नाही. पंधरा वर्षं झाली तेव्हा आरटीओत परत पासिंग करून, पर्यावरण कर भरून पुढे चालू ठेवलीय. लोक विचारतात अजून का ठेवलीस ही गाडी, तर बाबांची आहे, इंजिन तेल पीत नाही, हायवेला अजून सतरा-अठरा देते आणि मागच्या सीटवर तीन मोठी माणसं आरामात मावतात, एवढं बास आहे. हीटर प्लग म्हणजे थंड डिझेल इंजिन स्टार्ट व्हावं म्हणून आत तापणारा प्लग, ज्याला पुस्तकात ग्लो प्लग म्हणतात तोच, पण दुकानात जाऊन ग्लो प्लग मागितला तर काउंटरवरचा पोरगा आधी दोन सेकंद तुमच्याकडे बघतो मग आतल्या माणसाला ओरडून सांगतो "अरे हीटर प्लग बघ इंडिकाचे", त्यामुळे मीही पुढे हीटर प्लगच लिहितोय.

आता त्रास काय होता ते जरा सविस्तर लिहितो कारण जुनी डिझेल असलेल्या बऱ्याच जणांचं दुखणं हेच असतं आणि ते वेगळ्याच ठिकाणी औषध लावत बसतात. दिवाळी झाली, थंडी पडायला लागली की सकाळचा पहिला स्टार्ट लांबायचा. स्टार्टर जोरात फिरतोय, बॅटरी नवीन आहे, पण इंजिन पकडत नाही, मग एखादा सिलेंडर पकडतो, गाडी आख्खी थरथरते, मागून पांढरा धूर असा की पार्किंगमध्ये शेजारच्या काकूंनी गॅलरीतून वाळत घातलेले कपडे आत ओढायला सुरुवात करायची. वास कच्च्या डिझेलचा, डोळे झोंबतात. अर्धा-एक मिनिट तीन टांगांवर चालल्यासारखी धडधड आणि मग एकदम शांत, जसं काही झालंच नाही. दिवसभर कितीही वेळा बंद करा, चालू करा, चावी लावली की स्टार्ट. दुपारी मेकॅनिकला दाखवायला नेली तर तो म्हणणार "काय प्रॉब्लेम आहे? मस्त तर चालतीय."

हा जो नमुना आहे ना, थंडीत त्रास आणि गरम झाल्यावर काहीच नाही, हा लक्षात ठेवा. चाचांनी पहिल्या दोन वाक्यांत पंपाचा विषय याच्यावरच संपवला. मी एस्टिमेटचा कागद दाखवला तर त्यांनी तो वाचला पण नाही, म्हणाले, "भाऊ, पंप खराब असता तर दुपारी पण रडला असता ना? पंपाला काय माहीत सकाळ आहे का दुपार." वर्कशॉपवाल्यांनी एस्टिमेटमध्ये पंप ओव्हरहॉल, डिझेलचा फवारा मारणारे चारही नोझल, कॉम्प्रेशन टेस्ट, डिझेल फिल्टर, सगळं लिहिलं होतं, फक्त हीटर प्लगला कोणी लॅम्प लावून बघितला नव्हता. मी विचारलं पण होतं काउंटरवर, तर अ‍ॅडव्हायझर म्हणाला "सर दिवा लागतोय ना डॅशबोर्डवर, म्हणजे प्लग ओके आहेत."

इथे थांबून सांगतो, हे साफ खोटं आहे. डॅशबोर्डवरचा तो पिवळा वेटोळ्याचा दिवा जुन्या गाड्यांत टायमरवर चालतो, थंडी किती आहे त्यावर वेळ कमी-जास्त होत असेल, पण प्लगचं टोक लाल झालंय का नाही हे त्या दिव्याला कळत नाही. चारही प्लग मेलेले असले तरी तो आपला इमानदारीत लागणार आणि इमानदारीत विझणार. आमचे बाबा चावी अर्धी फिरवून डॅशबोर्डवरच्या गणपतीला हात जोडतात, तेवढ्यात दिवा विझतो, मग स्टार्टर मारतात. ही सवय इतकी वर्षं गाडीला बरोबर मानवली होती, कारण नमस्काराला लागणारा वेळ आणि प्लगला गरम व्हायला लागणारा वेळ साधारण सारखाच. पण प्लगच मेल्यावर गणपती तरी काय करणार.

आयडीआयला प्लग एवढा का लागतो हे माहीत असलं की पुढच्या सगळ्या गोष्टी आपोआप कळतात म्हणून थोडक्यात. आयडीआयमध्ये डिझेल थेट पिस्टनच्या डोक्यावर मारत नाहीत, हेडमध्ये प्रत्येक सिलेंडरला एक छोटी गोलसर खोली असते, प्री-चेंबर म्हणतात, तिच्यात मारतात. तिथे हवा भोवऱ्यासारखी फिरते, डिझेल मिसळतं, पेट घेतं आणि चिंचोळ्या वाटेने खाली सिलेंडरमध्ये येतं. चालत्या इंजिनाला हे बरंय, पण रात्रभर गार झालेल्या इंजिनात त्या खोलीच्या भिंती थंडगार असतात आणि पिस्टनने दाबून गरम केलेल्या हवेतली सगळी उष्णता त्या भिंतीच खाऊन टाकतात. म्हणून या इंजिनांचं कॉम्प्रेशन मुळातच जास्त, बावीसला एकच्या आसपास असतं, आणि तरी पुरत नाही म्हणून प्रत्येक खोलीत एक हीटर प्लग. त्याचं पेन्सिलीएवढं टोक ८००-९०० डिग्रीपर्यंत लाल होतं, डिझेलच्या फवाऱ्याची कड त्याला लागली की पहिला भडका तिथे होतो. म्हणजे आयडीआयला प्लग ही चैनीची गोष्ट नाही, नाशिकच्या दहा-बारा डिग्रीत तर नाहीच नाही, वीस डिग्रीला पण मेलेल्या प्लगवर ती कुरकुर करते. याउलट डायरेक्ट इंजेक्शनवाल्या, नव्या कॉमन रेल गाड्यांना आपल्याकडच्या थंडीत प्लग गेले तरी बऱ्याचदा मालकाला पत्ता लागत नाही. मामांच्या ट्रॅक्टरला तर प्लगच नाहीत, आणि तो निफाडला, जिथे थंडीत द्राक्षबागांत रात्री शेकोट्या पेटवायची वेळ येते, तिथे पहाटे एका किल्लीत उठतो. त्यामुळे "माझ्या गाडीला कधी बदलले नाहीत, काही होत नाही" असं सांगणाऱ्याची गाडी कुठली आहे ते आधी विचारा.

आता चाचांचं काम. दुकान म्हणजे एक शटर, बाहेर रस्त्यावरच गाडी लावायची, आत भिंतीवर डायनॅमो आणि सेल्फ (म्हणजे स्टार्टर) टांगलेले, कोपऱ्यात चार्जिंगला बॅटऱ्या. बोनेट उघडल्यावर सगळ्यात आधी त्यांनी प्लगच्या डोक्यावरून जाणारी जी पत्र्याची पट्टी असते तिच्यावर मीटर लावला आणि मला चावी अर्धी फिरवायला सांगितली. पट्टीला जवळजवळ बॅटरीएवढा व्होल्टेज आला, म्हणजे रिले (प्लगचा करंट चालू-बंद करणारा स्विच), मोठा फ्यूज, वायर इथपर्यंत सगळं ठीक. इथे काही नाही आलं असतं तर प्लगला हात न लावता रिलेकडे जायचं असतं, आणि रिले दोषी असताना प्लग बदलून गेलेली गिऱ्हाईकं त्यांच्याकडे दर हिवाळ्यात येतात म्हणे.

मग पट्टी काढली. आठ नंबरचे छोटे नट, हळूच, कारण प्लगच्या डोक्यावरचा तो बारीक बोल्ट जोरात फिरवला की आतलं इन्सुलेशनच फिरतं आणि चांगला प्लग जागेवर मरतो. पट्टी काढल्यावर टेस्ट लॅम्पचा चिमटा बॅटरीच्या प्लसला आणि टोक एकेका प्लगच्या डोक्यावर. प्लगची कॉइल शाबूत असेल तर तिच्यातून इंजिनचा अर्थ मिळून बल्ब पेटतो. पहिल्यावर पेटला. दुसऱ्यावर नाही. तिसऱ्यावर नाही. चौथ्यावर पेटला. मला वाटलं झालं, दोन गेले. चाचा म्हणाले, "पेटला म्हणजे पास नाही, नुसता जिवंत आहे एवढंच कळलं." मग काट्याचा जुना अँपिअर मीटर मध्ये घालून पहिल्या आणि चौथ्याला सरळ करंट दिला. पहिल्याचा काटा एकदम पंधराच्या पुढे उडाला आणि काही सेकंदांत हळूहळू दहाकडे उतरला, चांगला प्लग असाच वागतो, थंड असताना खूप ओढतो आणि गरम झाला की स्वतःच कमी करतो. चौथा पाचच्या पुढे गेलाच नाही. म्हणजे चारातला एक धड, दोन मेलेले आणि एक मरायला टेकलेला. चारही प्लग पट्टीवर पॅरललमध्ये असतात त्यामुळे एक गेला तरी बाकीचे चालू राहतात, गाडी बंद पडत नाही, नुसती दरवर्षी थोडी थोडी जास्त रडते आणि आपण समजतो गाडी म्हातारी झाली. हे सगळं बघायला किती वेळ लागला असेल, एक चहा प्यायला लागतो तेवढा. बावीस हजाराच्या एस्टिमेटमध्ये एवढं बसवायला त्यांना जागा मिळाली नाही.

काढायचं काम मात्र त्याच दिवशी केलं नाही त्यांनी, आणि मला इथेच माणूस पटला. आट्यांवर रस्ट सोडवायचा स्प्रे मारला, म्हणाले रात्रभर मुरू दे, उद्या गाडी चालवून गरम करून आण, गरम हेडमधूनच काढणार. वर्षानुवर्षं न हललेला प्लग आट्यांत गंजलेला असतो आणि खाली टोकाभोवती काजळी घट्ट झालेली असते, थंड इंजिनात पाना मारून जोर लावला की प्लग मधूनच तुटतो, अर्धा हातात आणि अर्धा हेडमध्ये. मग हेड खाली, गॅस्केट, ड्रिलिंग, आणि तेव्हा मात्र खरंच वीस हजाराचं काम होतं. दुसऱ्या दिवशी लांब गोटी (सॉकेट पाना) लावून थोडा सोडव, थोडा परत आवळ, परत स्प्रे, परत थोडा सोडव असं चाललं होतं. तीन आरामात आले. तिसऱ्या नंबरचा अडून बसला. पोऱ्या म्हणाला पाइप लावू का पान्याला, तर चाचांनी त्याच्याकडे असं बघितलं की तो गपचूप चहा आणायला गेला. इंजिन परत चालू करून गरम केलं, परत थोडं मागे-पुढे, आणि शेवटी कुरकुर करत आला बाहेर. मग त्यांनी प्रत्येक भोकातली काजळी रीमरने साफ केली, रीमरला ग्रीस लावून, म्हणजे कचरा ग्रीसला चिकटून बाहेर येतो, आत पडत नाही. बऱ्याच ठिकाणी ही पायरी गाळतात आणि नवीन प्लग काजळीत ठोकून बसवतात, मग पुढच्या वेळी तो निघत नाही.

तिसऱ्या प्लगचं टोक बघण्यासारखं होतं. बाकीच्यांची टोकं काळी पण सरळ, याचं टोक फुगलेलं आणि एका बाजूने खाल्लेलं. चाचा म्हणाले या सिलेंडरचा नोझल गळतोय, फवाऱ्याऐवजी धार मारतोय आणि ती धार प्लगवर जळतेय, नवीन प्लग लावशील तर पुढच्या वर्षी परत माझ्याकडे येशील. हे त्यांचं काम नाही, ते इलेक्ट्रिशियन, तरी सांगितलं, आणि पंप-नोझलवाल्याकडे पाठवलं. तिथे हाताच्या टेस्टरवर चारही नोझल लावून दाखवले, या टाइपचे नोझल साधारण सव्वाशे-दीडशे बारच्या आसपास उघडतात, चांगला नोझल बारीक धुकं मारतो आणि करकर असा आवाज देतो, आमचा तिसरा मात्र टोकाला थेंब धरून बसला होता. तेवढा एक बदलला, बाकी तीन साफ करून परत. नाशिककराला नोझल काय शिकवायचं म्हणा, सातपूरच्या मायकोत आख्खी पिढी नोझल बनवून रिटायर झालीय, कंपनीचं नाव २००८ ला बॉश झालं तरी चौकाला आजही सगळे मायको सर्कलच म्हणतात.

आता प्रॉडक्टबद्दल, कारण शेवटी रिव्ह्यू त्याचा आहे. काउंटरवर दोन पर्याय ठेवले होते. एक बॉशचे, एक प्लग चारशे-साडेचारशेच्या आसपास, आणि एक कुठल्यातरी लोकल नावाचा आख्खा सेट जवळजवळ एका बॉशच्या किमतीत थोडे वर टाकून. दुकानदार म्हणाला दोन्ही सेमच आहेत, एकाच कारखान्यात बनतात. (हे वाक्य स्पेअर पार्टच्या प्रत्येक दुकानात ऐकायला मिळतं, कारखाना कुठे आहे ते कोणी सांगत नाही.) चाचांकडे लोकलचा एक वापरलेला प्लग डब्यात पडला होता, तो त्यांनी शिकंज्यात धरून नव्या बॉशच्या शेजारी बॅटरीवर लावून दाखवला. बॉशचा टोकाकडून लाल व्हायला लागला, काही सेकंदांत टोक चांगलं केशरी आणि मग लाली हळूहळू वर. लोकलवाला मधूनच लाल झाला, आट्यांच्या बाजूने, टोक मात्र काळंच, आणि गरम झाल्यावर सुद्धा करंट फार काही उतरला नाही. कारण साधं आहे, चांगल्या प्लगच्या आत दोन कॉइल असतात, टोकाशी गरम करणारी आणि तिच्यामागे करंट आवरणारी, दोन्ही मॅग्नेशियम ऑक्साइडच्या पावडरीत घट्ट ठासलेल्या. स्वस्तात ती दुसरी कॉइल एकतर नसते किंवा नावापुरती असते. मग प्लग नको तिथे तापतो, जास्त तापतो, फुगतो आणि टोकच तुटून आत पडलं तर विषयच संपला. आणि डिझेलचा फवारा लागतो टोकाला, आट्यांना नाही, त्यामुळे मधून लाल होणाऱ्या प्लगचा स्टार्टला उपयोग काय.

ही ट्रायल घरी करू नका प्लीज. हातात धरून तर नाहीच, पक्कडीत धरून पण नाही, खराब प्लग फुटून टोक उडतं.

बॉशच्या बॉक्सवर गाडीचं नाव बघून घेऊ नका, पार्ट नंबर जुन्या प्लगवरच्या नंबरशी जुळवा, आट्यांचा साइज, टोकाची लांबी आणि अंगावर कोरलेले व्होल्ट बघा, आमच्यावर ११ व्होल्ट होते आणि १२ च्या बॅटरीसाठी तेच बरोबर आहे, घाबरू नका. इंडिकात आयडीआय वेगळं, नंतरचं कॉमन रेल वेगळं, दोन्हीचे प्लग एकमेकांना चालत नाहीत. डुप्लिकेट पण भरपूर आहेत, खोका छान असतो पण आतल्या प्लगवरचा नंबर धुरकट छापलेला आणि आटे खरबरीत, त्यामुळे बिल देणाऱ्या डीलरकडूनच घ्या. अर्धा मार्क मी कापला तो प्लगचा दोष म्हणून नाही, तर चार एकदम मिळेनात म्हणून, एका दुकानात दोन, दुसऱ्यात एक, असं करत सेट जमवावा लागला, जुन्या गाड्यांचे पार्ट आता दुकानदार ठेवायलाच मागत नाहीत. एक धड होता तर तीनच का नाही घेतले असं घरी विचारलं गेलं. चारही एकाच वयाचे होते, तो पण पुढच्या थंडीत गेला असता आणि परत तीच पट्टी काढा, तेच गरम करा. धड निघालेला डिकीत ठेवलाय कागदात गुंडाळून.

बसवताना आट्यांना तांब्याचं ग्रीस किंचित, टोकाला अजिबात नाही, आणि आधी हाताने पूर्ण आत, मग पान्याने हलकेच. कागदावर या साइजच्या प्लगला १५-२० न्यूटन मीटर एवढाच टॉर्क असतो, जो हाताला वाटतो त्याच्यापेक्षा फारच कमी आहे. चाचांकडे टॉर्क पाना नाही, तळव्याचा अंदाज आहे, यावर पुस्तकी माणसं नाक मुरडतील, मुरडू देत. पट्टी पॉलिश पेपरने घासून चकचकीत करून लावली, तिच्यावर हिरवट थर आला होता, तेवढ्यानेही करंट अडतो.

फरक विचाराल तर पहिल्याच सकाळी कळला. दिवा लागला, बाबांचा नमस्कार झाला, दिवा विझला, अजून दोन सेकंद थांबलो आणि सेल्फने अर्धा गरका घेतला नाही तोच इंजिन चालू, चारही सिलेंडरवर. धूर शून्य म्हणणार नाही, जुनं इंजिन आहे, एक बारीक फुसका येतो आणि जातो. काकूंचे कपडे वाळताहेत. त्यानंतर ऐन जानेवारीतली थंडी याच सेटवर काढली, एकदाही रडली नाही. खर्च सगळा मिळून, चार प्लग, चाचांची मजुरी, नोझलचं काम धरून, त्या एस्टिमेटच्या पाव भागाच्या पण आत बसला, आणि चाचांची मजुरी तर पाचशे, दोन दिवस गाडीशी झोंबून.

तरी तुमच्या गाडीला सकाळी त्रास आहे म्हणजे प्लगच गेलेत असं धरून चालू नका. सेल्फ हळू फिरत असेल तर आधी बॅटरी आणि अर्थची जाड वायर बघा, हळू फिरलं की हवा दाबून गरमच होत नाही, मग प्लग लाल असून काय फायदा. रात्रभर उभी राहिल्यावर डिझेल लाइनमधून मागे उतरत असेल, म्हणजे कुठेतरी हवा घेतेय, तर सकाळी हँड पंप मारून बघा, पंप मारल्यावर लगेच स्टार्ट झाली तर पाइप, वॉशर, फिल्टर तपासा. त्यात एक खूण आहे, प्लग गेलेला असला की सेल्फ मारताना मागून पांढरा धूर येत राहतो कारण डिझेल आत जातंय पण पेटत नाहीये, आणि हवा घेत असेल तर सेल्फ मारून मारून थकलात तरी धूरच येत नाही कारण डिझेलच पोचत नाही.

आणि जुगाडवाल्यांसाठी. रिले गेला म्हणून डॅशबोर्डखाली बटण बसवून प्लगला डायरेक्ट सप्लाय देणारे आहेत, टॅक्सीवाल्यांत तर सर्रास. चाचा हे करून देत नाहीत, मी विचारून बघितलं. बोट बटणावर राहिलं की प्लग जळतो, आणि चार प्लग मिळून सुरुवातीला साठ-सत्तर अँपिअर ओढतात, ते साध्या बटणातून आणि बारीक वायरीतून नेलं तर आग लागायला वेळ लागत नाही. एअर फिल्टरच्या तोंडाशी पेटता बोळा धरणारे पण बघितलेत मी. आणि तो स्टार्टिंग स्प्रे, ईथरचा, हीटर प्लगवाल्या इंजिनात मारूच नका, लाल प्लगवर ईथर आलं की पिस्टन वर यायच्या आधीच भडका उडतो, पिस्टन फुटलेले आहेत लोकांचे.

कॉमन रेलवाल्यांना, म्हणजे स्विफ्टसारख्या गाड्या ज्यांच्याकडे आहेत त्यांना, माझा वरचा सगळा अनुभव जसाच्या तसा लागू नाही. तिथे प्लग बारीक आणि लांब असतात, तुटायला अजून सोपे, त्यामुळे ज्याने आधी ते काढलेत अशाच माणसाकडे द्या. स्कॅनर लावला तर पी०६७१ ते पी०६७४ असे कोड येतात, शेवटचा आकडा सिलेंडरचा, म्हणजे कुठला गेलाय ते बसल्या जागी कळतं. आणि काही नव्या गाड्यांत कमी व्होल्टचे प्लग असतात, सिरॅमिकचे पण, त्यांना बॅटरीवरून सरळ बारा व्होल्ट देऊन तपासलं तर तपासतानाच जातात.

चाचांबद्दलच्या तक्रारी पण लिहितो, उगाच आरती नको. बिल मिळत नाही, वहीच्या कागदावर आकडा लिहून देतात. फोन उचलत नाहीत. आधी वेळ घेऊन गेलात तरी तुमच्या पुढे एक रिक्षा आणि एक टेम्पो असणारच, आणि टेम्पोवाल्याचा धंदा बंद असतो म्हणून त्याला पहिला घेतात, त्यावर वाद घालून उपयोग नाही. उन्हात उभं राहावं लागतं. शुक्रवारी दुपारी दुकान बंद असतं, जुम्मा. आणि गाडी गरम करून आणा म्हटलं तर खरंच गरम करून न्या, मुंबई नाक्यापासून आलो म्हणून चालत नाही, ते बोनेट उघडून हेडला हात लावून बघतात आणि परत पाठवतात.